सांगून आलेलं विमान

मंदीच्या त्या वर्षी दुबईत जो तो काहीतरी विकत होता. करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सोफे, फ्रीज, पाळणे यांच्या जाहिराती चिकटवलेल्या असायच्या. आमच्या कन्स्ट्रक्शन कंपनीचे निम्मे प्रोजेक्ट थांबले होते, माझा पगार कापला गेला होता आणि शहाणी माणसं शिल्लक गावी पाठवू लागली होती. मी विमान घ्यायचं ठरवलं.

विमान आमच्याच ऑफिसातल्या एका इंग्रज मॅनेजरचं होतं. त्याची नोकरी गेली होती आणि महिन्याभरात त्याला देश सोडायचा होता. दोन सीटचं, जुनं, कधीकाळी लष्करात नवशिक्या पायलटांना शिकवायला वापरलेलं ते विमान रास अल खैमाकडच्या एका छोट्या धावपट्टीवर उभं असायचं. आता ते तो जुन्या गाडीच्या भावात द्यायला निघाला होता. तेजीच्या दिवसांत मी हौसेनं पायलटचं लायसन्स काढून ठेवलं होतं. कॉलेजात असताना चष्म्यामुळे एअर फोर्सनं मला परत पाठवलं होतं आणि चाळिशी उलटली तरी ते शल्य गेलेलं नव्हतं. आता खुद्द लष्करी विमानच सांगून आलं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"बाबा, इट्स ऑलमोस्ट ॲज ओल्ड ॲज यू," कॉम्प्युटरवरून नजर न काढता मुलगी म्हणाली.

बायको मात्र हसली नाही. तिकडच्या मराठी मंडळींत लग्नं जुळवणं हा तिचा छंद. जुळवलेल्यांपेक्षा वेळेवर मोडलेल्या लग्नांचा तिला अधिक अभिमान.

"बघायला मी येणार," ती म्हणाली. "तुम्ही तर फोटोवरच होकार दिलाय."

शुक्रवारी निघालो. स्ट्रक्चरल इंजिनिअर गप्प बसून गाडी चालवू शकत नाही, म्हणून वाटेत मी तिला धातूच्या थकव्यावर व्याख्यान दिलं. "अगं, अशा विमानाचं वय नुसत्या वर्षांत मोजत नाहीत. तार वाकवून वाकवून शेवटी तुटते ना, तसं पंखाचं. साध्या उड्डाणात आयुष्य कमी खर्च होतं, कसरती केल्या की भराभर. म्हणून आत एक मीटर असतो. तो पंखावरचा प्रत्येक मोठा ताण मोजतो. मर्यादा संपली की खलास, पंख बाद."

"आणि ह्याचं किती संपलंय?"

"निम्मं बाकी आहे. मीटरच सांगतो."

हँगरमध्ये ते चकचकीत पॉलिश करून उभं होतं. मी पंखावरून हात फिरवला, मग पलीकडे जाऊन दुसऱ्या पंखावरूनही. काय सांगू, स्वतःच्या लग्नात मी इतका हळवा झालो नव्हतो.

बायको प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि इंग्रजाशी अगदी मऊ आवाजात इंग्रजीत बोलू लागली. तो आवाज मी ओळखतो. विमान लष्करातून कधी सुटलं? तुमच्याकडे कधी आलं? आणि मग तिचा ठेवणीतला प्रश्न आला: "मधली चार वर्षं कुठे होतं?"

मुलाच्या बायोडेटात अशी वर्षं गायब दिसली की ती दुसऱ्यांदा चहा घेत नाही.

इंग्रज मान खाजवू लागला. पण माणूस खोटा नव्हता. मधला मालक हवाई कसरतींचे कार्यक्रम करायचा, असं त्यानं सांगितलं. आणि त्या काळात मीटर काढून ठेवलेला होता. म्हणजे सर्वांत जास्त ताणाची वर्षं कुणी मोजलीच नव्हती. जे मोजलेलं नाही ते वाईटात वाईट धरायचं, हा नियम मी ऑफिसात ज्युनिअर पोरांना टेबल आपटून सांगायचो. इथे मी चौकशी केली होती ती सीटच्या रंगाची, आणि हेडफोन सोबत मिळणार का, याची.

"ती वर्षं वाईटात वाईट धरली तर पंखांचं किती उरलं?" तिनं विचारलं.

"मे बी नथिंग," तो म्हणाला.

मी तिला बाहेर घेऊन आलो. मला भयंकर राग आला होता. "तुला स्थळं मोडायची सवयच लागलीय! मी कुठे कोलांट्या मारणार आहे? सकाळच्या शांत हवेत सरळ जायचं, सरळ यायचं. इन्शाल्ला, काही होत नाही."

ती भांडली नाही. "घ्या मग," म्हणाली. "पण शेजारच्या सीटवर मी बसणार. प्रत्येक वेळी."

मुंबईच्या विमानात ही बाई जेवणाचा ट्रे येईपर्यंत माझा हात सोडत नाही.

"तुला भीती वाटते ना?"

"वाटते. तरी बसेन."

हँगरच्या दारातून पंख दिसत होता. मी मनातल्या मनात गणित पुन्हा मांडलं. मघाशी त्या गणितात विमानात मी एकटाच होतो तेव्हा उत्तर झकास येत होतं. तिला शेजारी बसवलं आणि ते काही केल्या जमेना. आत जाऊन मी नाही म्हणून आलो. हात हलवताना इंग्रजाचे डोळे ओले झाले होते, माझेही.

परतीच्या वाटेवर मी फुगून गप्प होतो. सिमेंटच्या कारखान्यांपाशी ती म्हणाली, "मी खरंच बसले असते हं."

ते मला माहीत होतं. म्हणून तर विमान तिथंच राहिलं.