नारळ डाव्या हातानं घेत नाहीत

माझ्या थोरल्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांनी आजवर जेवढे सत्कार केले तेवढे एखाद्या मंत्र्याच्या हातूनही झाले नसतील. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कळायला मला लग्नानंतर बरीच वर्षं लागली. बाकीचे लोक ज्याच्याबद्दल आदर वाटतो त्याचा सत्कार करतात, निदान भाषणात तरी तसं सांगतात. साडू ज्याची भीती वाटते त्याचा सत्कार करतात. नीट पाहिलं तर सगळेच तसं करतात, पण साडू ते कबूल करतात, म्हणून नातेवाईक त्यांना विक्षिप्त म्हणतात.

शहराच्या पूर्व भागात त्यांचं टॉवेलचं लहानसं दुकान आहे. मागावरून उतरलेला, कुठं धागा सुटलेला, कुठं काठ वाकडा गेलेला सेकंडचा माल ते विकतात, त्यामुळे शस्त्रांचा साठा कधी कमी पडत नाही. घराबाहेर पडताना आपण खिशात मोबाइल आहे की नाही ते चाचपतो, साडू पिशवीत टॉवेल आणि नारळ आहे की नाही ते बघतात. शरीरयष्टी अशी की उलट्या वाऱ्यात ते सायकल चालवायला लागले की बघणाऱ्यालाच धाप लागावी. समोरच्याचा आवाज जरा चढला की हे मागं भिंत शोधायला लागतात. अशा माणसानं मारामारी करायची म्हणजे समोरच्याचा अपमानच. म्हणून ते पिशवीत हात घालतात, टॉवेल झटकन समोरच्याच्या खांद्यावर टाकतात, नारळ पुढं करतात आणि आजूबाजूच्यांकडे बघून स्वतःच टाळ्या वाजवायला लागतात. "फुडचं काम त्योच करतोय बगा," असं ते मला समजावून सांगत. आणि खरंच करतो. आपल्याकडच्या माणसाच्या खांद्यावर टॉवेल पडला की मान आपोआप खाली जाते, नारळ दिसला की उजवा हात आपोआप पुढं येतो आणि चेहरा, कॅमेरा असो वा नसो, कॅमेरा जिथं असायला हवा तिकडे वळतो. या अवस्थेत जगातल्या कुठल्याही माणसाला दुसऱ्याच्या मुस्काटात मारता येत नाही.

एकदा मी त्यांच्याबरोबर टेंभुर्णीहून एसटीनं येत होतो. साडूंनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती, पण आत जाऊन बघतो तर तिथं एक पैलवानी थाटाचे गृहस्थ रुमालावरच बसलेले. साडू "आमचा रुमाल..." एवढंच म्हणाले, तर गृहस्थ बाह्या वर करत उठले. मी उतरायच्या बेतात होतो. तेवढ्यात टॉवेल पडला, नारळ हातात गेला आणि साडूंचा आवाज आला, "आपल्या भागाची शान, टाळ्या होऊ द्या!" अख्ख्या गाडीनं टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल, ते कुणीच विचारलं नाही. आपल्याकडे ते विचारायची पद्धत नाही. गृहस्थांनी हात जोडले, "हा माझा एकट्याचा न्हाय, तुमा सगळ्यांचा सत्कार हाय," असं चक्क दोन शब्द बोलले आणि सोलापूर येईपर्यंत दांडा धरून उभे राहिले. सत्कारमूर्तीनं जागेसाठी भांडायचं म्हणजे शोभत नाही ना.

हा प्रयोग फसल्याचं मी दोनदाच पाहिलं. एकदा गल्लीतलं पिसाळल्यासारखं कुत्रं अंगावर आलं तेव्हा. साडूंनी त्याच्यावरही टॉवेल टाकला. कुत्र्यानं तो फाडला आणि साडूंचं धोतरही. मानाला न भुलणारा आमच्या गल्लीत तेवढा एकच निघाला. दुसऱ्यांदा आमच्या थोरल्या मेहुणीबाई, म्हणजे साडूंच्याच सौभाग्यवती, काही कारणानं भडकल्या होत्या. साडूंनी नारळ पुढं केला. बाईंनी तो घेतला, फोडला, खवला, त्याची चटणी वाटली आणि वाटता वाटता जे बोलायचं होतं ते सगळं बोलून घेतलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण मग साडूंनी साक्षीदार व्हायचं ठरवलं. ठरवलं म्हणणंही खरं नाही. त्यांच्या दुकानासमोरच्या कोपऱ्यावर एक मावशी हातगाडीवर भाजी विकतात. आमच्या भागात एक भाऊ आहेत, म्हणजे सगळ्यांचेच भाऊ. चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर ते हात जोडून उभे असतात आणि खाली 'भावी नगरसेवक' असं लिहिलेलं असतं. फ्लेक्स दर वाढदिवसाला बदलतो, 'भावी' मात्र बदलत नाही. तर या भाऊंनी एका सकाळी आपली नवी गाडी भाजीच्या गाडीवर घातली. मावशींचा पाय मोडला. सबंध बाजारपेठ उघडी होती, पण पोलिसांनी विचारलं तेव्हा कुणी नेमकं चहा पीत होतं, कुणी पाठमोरं होतं, एकाला तर त्याच क्षणी शिंक आली होती. साडूंना विचारलं. साडूंना घाईत खोटं सुचत नाही. ते म्हणाले, "बगितलं की. भाऊच चालवत हुते." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. जबाब लिहून झाला आणि घरी येऊन साडू तापानं फणफणले.

साक्षीची तारीख जवळ आली तशी निरोपांना सुरुवात झाली. आधी गोडीत, मग जरा तिखट. मेहुणीबाई रोज सांगत, "तुमी दिसलं न्हाय म्हणून सांगा, मोकळं व्हा." मीही तेच सांगत होतो, फक्त जास्त शुद्ध भाषेत. साडू दोघांनाही "व्हय व्हय" म्हणत आणि टॉवेलच्या घड्या घालत बसत. मग एका दुपारी, रस्त्यावर उन्हाशिवाय कुणी नसताना, भाऊ स्वतः आले. मी दुकानातच होतो. भाऊंच्या उजव्या हातात हॉकीची काठी होती आणि मागं मोबाइल घेतलेले तीन-चार भक्त. भाऊ हॉकी खेळतात असं कधी ऐकलं नव्हतं.

"म्हाताऱ्या," भाऊ पायरी चढत म्हणाले, "दुसरा पाय कुणाचा मोडायचा ते तूच सांग."

साडू घाबरले की त्यांच्या तोंडात घरची कानडी येते. "बर्री, बर्री भाऊ, कूडरी," म्हणजे या, बसा, असं म्हणत ते उठले आणि फळीवरचा पहिला टॉवेल ओढून त्यांनी भाऊंच्या खांद्यावर टाकला. "किती दिवस झाले, आपला सत्कार राहून गेलेला." देवापुढचा नारळ उचलून त्यांनी समोर धरला.

भाऊंची मान खाली गेली होती. आता हात पुढं यायला हवा होता, पण उजव्या हातात काठी होती. भाऊंनी डावा हात अर्धा वर आणला आणि परत खाली नेला. नारळ डाव्या हातानं घेत नाहीत. माणसाचा पाय मोडायला काही हरकत नसते, पण नारळ डाव्या हातानं घेतला तर घरचे काय म्हणतील? भक्तांनी सवयीनं मोबाइल वर केले होते. भाऊंनी इकडंतिकडं पाहिलं, काठी कुठं ठेवावी ते त्यांना कळेना, आणि मग त्यांनी ती साडूंच्याच हातात दिली.

"जरा धरा," म्हणाले.

साडूंनी एका हातात काठी धरली, दुसऱ्या हातानं नारळ दिला. "टाळ्या!" भक्तांतलाच एक ओरडला. फोटो निघाले. भाऊंनी फोटोपुरतं हसू आणलं, ते नंतर लवकर जाईना. जाताना ते एवढंच म्हणाले, "जबाबाचं तेवढं बघा." साडू म्हणाले, "बगतो की." काठी त्यांच्याकडेच राहिली. दोन दिवसांत चौकात नवा फ्लेक्स लागला, 'व्यापारी बंधूंकडून भाऊंचा हृद्य सत्कार'. आता या व्यापारी बंधूला हात लावला असता तर कुणी लावला हे विचारायला पोलिसांना लांब जावं लागलं नसतं.

त्या दुपारी ते सगळे गेल्यावर साडू गादीवर बसले आणि तांब्याभर पाणी प्यायले. काठी मांडीवरच होती. मी विचारलं, ही विद्या तुम्हाला शिकवली कुणी?

"आमचे अप्पा गिरणीत हुते," ते म्हणाले. "लई तापट. त्यांची चप्पल वाजली की आमी भावंडं कोपऱ्यात. आईबी. एकदा मंडळानं त्यांचा सत्कार केला. टॉवेल, नारळ. घरी आले ते गपच. खाली बसून नारळ फोडला, समद्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. टॉवेल गळ्यात घालूनच झोपले. त्या दिवशी कुणाला मारलं न्हाय बगा."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी टॉवेल दोरीवर हुता की, पाव्हणं."

त्यानंतर मला त्यांच्या सत्कारांवर पूर्वीसारखं हसता येईना.

तारखेच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कोर्टात गेलो. दारावरच्या शिपायानं पिशवी उघडली, टॉवेल उलटापालटा केला आणि "नारळ आत न्यायचा नाही" म्हणून पिशवीच बाहेर ठेवून घेतली. साडूंचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणासमोर रिकाम्या हातानं उभे राहणार होते. भाऊ मागच्या बाकावर बसले होते. त्यांचे वकील आवाज चढवून विचारू लागले तसा साडूंचा उजवा हात खांद्याकडे गेला, पिशवी चाचपायला. पिशवी नव्हती. मला वाटलं, संपलं, आता हे दिसलं नाही म्हणणार. त्यांनी तो हात कठड्यावर ठेवला आणि जे पाहिलं होतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, हळू आवाजात, मध्ये दोनदा पाणी मागून. भाऊ पुढं दोषी ठरले. फ्लेक्सवरच्या 'भावी'ची मुदत आता चांगलीच वाढली आहे.

मावशी कुबडी टाकून पुन्हा कोपऱ्यावर बसायला लागल्या त्या दिवशी आम्ही गल्लीतल्या लोकांनी ठरवलं की साडूंचा सत्कार करायचा. शिंक आलेले गृहस्थ सगळ्यांत पुढं होते. उभ्या आयुष्यात या माणसाला कुणी टॉवेल घातला नव्हता, हे तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं. मी पहिल्या प्रतीचा, एकही धागा न सुटलेला टॉवेल आणला. साडू दुकानात पाठमोरे उभे राहून घड्या घालत होते. मावशी लंगडत पायरी चढल्या आणि "मालक" म्हणाल्या. साडू वळले. मावशींनी टॉवेल उघडून दोन्ही हात वर केले.

साडूंनी झटकन दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि ते फळीला टेकून खाली बसले, कोपऱ्यात. डोळे घट्ट मिटलेले. "म्या काय केलं मावशी?" ते म्हणाले. "मला कशापायी भ्यालाव?"

टाळ्यांसाठी उचललेले आमचे हात तसेच राहिले.

"न्हाय भ्याले, मालक," मावशी म्हणाल्या. दुखरा पाय लांब करून त्या त्यांच्याजवळ खाली बसल्या. "तुमास्नी कोण भेतंय? उगंच आणलाय. चांगला हाय म्हून."

बऱ्याच वेळानं साडूंनी डोक्यावरचे हात काढले. मावशींनी टॉवेल गळ्यात घातला तेव्हा मान खाली गेली नाही. ते मावशींकडे बघत राहिले. नारळ त्यांनी उजव्या हातानं घेतला, तिथंच पायरीवर फोडला आणि आम्हा सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. शिंकवाल्यांच्याही. फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणीबाईंचा माझ्या बायकोला फोन आला. म्हणाल्या, रात्री टॉवेल गळ्यात घालूनच झोपले, मी काढायला गेले तर माझा हातच घट्ट धरला. आजसुद्धा दोरीवर वाळत घालू देत नाहीत.