उंबऱ्याबाहेर राहिलेलं चित्र

पत्रं लिहायची ही कल्पना मला मुळीच पटली नव्हती. बाँब पडतात तिथं पत्रानं काय होणार, कपाळ! पण मी निवृत्त इंग्रजीची मास्तरीण. युद्धात अडकलेल्या मुलांना हातानं पत्रं लिहिणाऱ्या आमच्या तंजावूरच्या बायकांना इंग्रजी लिहिणारं कुणीतरी हवं होतं. माझ्या वाट्याला एक लहान मुलगा आला. माझं पत्र त्याची आई त्याला वाचून दाखवायची, तो सांगेल ते उत्तर लिहायची. तुमच्या देवळातला हत्ती चावतो का, असले त्याचे प्रश्न.

सासूबाईंना तर त्याचं वेडच लागलं. दाराबाहेरच्या ओट्यावर बसून त्या मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत उतरवायची. "लिही, आज सांबारात मुरुंगा घातला." अहो, तिथं पावाची मारामार, आणि ह्यांच्या शेवग्याच्या शेंगा! मी चिडायची. पण पोराला नेमकं तेच आवडायचं. उद्या काय शिजणार म्हणून विचारायचा. तुम्ही दोघी कुठं बसून लिहिता, कशा दिसता, तेही.

परवा पोस्टमननं पाकीट दिलं. मी दारातच फोडलं आणि सासूबाईंना मराठीत सांगत वाचू लागले. दुसऱ्याच ओळीत आईनं लिहिलं होतं, मुलगा गेला. पाण्याच्या रांगेत उभा होता, तिथंच.

वाचण्याच्या ओघात तेही मी मराठीत सांगून टाकलं. तेवढ्यात सासूबाईंनी कागद ओढला, टराटरा फाडला, दारापुढच्या गटारात टाकला आणि तडक मागच्या विहिरीवर गेल्या. मेल्याचं पत्र घरात आणायचं नाही, वाचलं की फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही आमची रीत. पण तेही घरचं माणूस गेलं तर!

"अहो, पुरतं वाचू तरी द्यायचं!" मी ओरडले. गटारात हात घालून मिळाले तेवढे तुकडे काढले, ओट्यावर जुळवले. मागच्या बाजूला रंगीत खडूचं चित्र होतं. खाली आईचं अक्षर: हे त्यानं तुमच्यासाठी काढलं. आमच्याकडे आता भिंत नाही. तुमच्या घरात लावा.

चित्रात आमचा ओटा होता. एका कडेला चष्मेवाली मी, दुसऱ्या कडेला काठापदराच्या सासूबाई. मधला तुकडा वाहून गेला होता. ओट्यावरून लोंबणारे दोन लहान पाय तेवढे खाली उरले होते.

सासूबाई ओल्या केसांनी आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी त्या पायांवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आपल्याकडे बसाया आलं होतं गं लेकरू. मीच हाकललं."