बाओशानने तोडलेलं कुलूप

नी बाओशान अठराव्या वर्षी सायकलच्या कारखान्यात लागला तेव्हा त्याला धड पाना धरता येत नव्हता. साहेबांनी त्याला चाकांच्या विभागात पांग उस्तादांच्या हाताखाली टाकलं. उस्ताद सदतीस वर्षांचे, अंगाने काटक आणि जिभेला तिखट. बाओशानने आउट काढून सरळ केलेलं पहिलं चाक त्यांनी फिरवून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे, हे चाक सकाळीच दारू पिऊन आलंय का?"

पण शिकवलं त्यांनी मन लावून. तीन वर्षं. चाक डोळ्यांनी बघायचं नाही, कानाने ऐकायचं. स्पोक बोटाने छेडायचे आणि जो वेगळा वाजेल त्याला आधी आवळायचं. दुपारी उस्तादांची बायको सूचिन रंगाच्या विभागातून डबा घेऊन यायची. बाओशान गावाकडून एकटाच आलेला, होस्टेलवर राहणारा. त्यामुळे डब्यात तिघांचं असायचं. मक्याच्या भाकऱ्या आणि बारीक मासळीचं कालवण. काकू वाढताना म्हणायची, "याला दोन जास्त. हा जेवतो तसं काम केलं तर कारखाना एकटा चालवेल." बाओशानचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांशी बोलायला उस्तादच गेले होते, नवा कोट घालून.

पुढे कारखाना बंद पडला. उस्ताद पेन्शनीत निघाले. बाओशान त्या वयाचा नव्हता. त्याने वॉचमनगिरी केली, गोदामात पोती उचलली, एका शाळेचा बॉयलर सांभाळला. सुरुवातीला दर सणाला तो उस्तादांकडे जायचा. मग एका वर्षी जाणं झालं नाही. मग पुढच्या वर्षी मागच्या वर्षी न गेल्याची लाज वाटली. असं करता करता चार वर्षं गेली. एकाच तिआनजिन शहरात, नदीच्या एकाच बाजूला राहून.

पंचावन्नाव्या वर्षी त्याला भाड्याच्या सायकलींच्या कंपनीत काम मिळालं. मोबाइलवर कुलूप उघडायचं, हवी तिथवर न्यायची, सोडून द्यायची, अशा त्या सायकली. लोकांनी त्या सोडल्याही हव्या तिथे. नदीत, झुडपांत, पुलाखाली ढीग लावून. काहींनी तर घरीच नेल्या. बाओशानचं काम त्या शोधून तीनचाकी टेम्पोत घालून परत आणायचं. एकाने सायकल चौथ्या मजल्याच्या गॅलरीत टांगून तिच्यावर भोपळ्याचा वेल चढवला होता. बाओशान न्यायला गेला तर तो गृहस्थ म्हणाला, "भाऊ, भोपळा तेवढा पिकू दे." बाओशानने आठ दिवस थांबून मग नेली. असा होता तो. कुणाशी वाकड्यात न शिरणारा.

पण असं थांबून कंपनीत भागत नव्हतं. त्याची सुपरवायझर थांग ताई चाळिशीची, मनाने वाईट नव्हती, पण तिच्या डोक्यावरही कुणीतरी होतं. ऑक्टोबरात एका सकाळी ती स्वतःच त्याच्या टेम्पोत येऊन बसली.

"नी दादा, सलग दोन महिने तुमच्या भागातून सगळ्यात कमी गाड्या आल्यात. वरून विचारतात, हा माणूस फिरतो की झोपतो?"

"आमच्या कारखान्याच्या जुन्या वसाहतीत फार नाहीत ताई. म्हातारी माणसं राहतात तिथे."

"म्हातारी माणसंच जिन्याखाली लपवतात. सात नंबरच्या इमारतीतून तक्रार आलीय. चला, आज मी बघते."

सात नंबरमध्ये उस्ताद राहत होते. पण त्या इमारतीत तीस घरं होती.

जिन्याखाली सायकल उभी होती. कंपनीचा रंग खरवडून तिच्यावर गडद हिरवा हात मारलेला, मागे जाड साखळी आणि विकतचं कुलूप. रंगाखाली दांड्यावर कोरलेला नंबर बोटाला लागत होता. थांग ताई फोटो काढू लागली. बाओशान खाली वाकला आणि त्याचा हात आपोआप मागच्या चाकाकडे गेला. स्पोक जिथे एकमेकांवरून जातात तिथे प्रत्येक जोडीला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली होती, तीन वेढे आणि गाठ आतल्या बाजूला. अशी गाठ मारणारा माणूस त्याने आयुष्यात एकच पाहिला होता. त्याने एक स्पोक छेडला. मग दुसरा. सगळे सारखे वाजले.

"काय झालं?" थांग ताईने विचारलं.

"काही नाही."

"मग कापा की."

पेन्शनीला तीन वर्षं राहिली होती. या वयात पुन्हा कोण कामावर ठेवणार होतं? त्याने मनाशी म्हटलं, उस्तादांना काय, ते दुसरी करतील. मी तोडली हे त्यांना कळायचंही नाही. त्याने टेम्पोतून कटर आणलं आणि कुलूप तोडलं.

तो सायकल उचलणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक एक पायरी, कठड्याला धरून, आडवं होऊन उतरणारा म्हातारा. हातात कापडी पिशवीत डबा. चार वर्षांत उस्ताद अर्धे झाले होते.

थांग ताईने विचारलं, "आजोबा, ही तुमची आहे का?"

"माझी नाही. वापरतो मी."

"कंपनीची आहे ही. तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. मागच्या झुडपात आठ महिने पडली होती. सीट नव्हती, चाक पार वाकलं होतं. तुमच्या ट्रकवाल्यांना मीच दाखवली. म्हणाले, भंगार आहे, राहू द्या."

"ते म्हणाले म्हणून तुमची होत नाही ना आजोबा."

"नाही होत," उस्ताद म्हणाले. "बरोबर आहे."

मग ते बाओशानकडे वळले. बाओशानची नजर वर होत नव्हती. उस्ताद शांतपणे म्हणाले, "चेन जरा ढिली आहे. चढवताना बोट सांभाळा."

चाळीस वर्षांत त्यांनी बाओशानला गाढवापासून ढेकळापर्यंत सगळं म्हटलं होतं. अहो-जाहो कधी केलं नव्हतं.

पोलीस आले, कागदावर सही घेतली. सत्तरीच्या पुढचा माणूस म्हणून समज देऊन सोडून दिलं. थांग ताईने वसाहतीच्या मोबाइल ग्रुपवर फोटो टाकला: सार्वजनिक सायकलीला खाजगी कुलूप लावणं हा गुन्हा आहे. फोटोत उस्तादांचा चेहरा नव्हता, पण हातातली पिशवी होती, आणि ती पिशवी सगळ्या इमारतीला माहीत होती.

पंधरा दिवसांनी बाओशान सात नंबरसमोर घुटमळत असताना पहिल्या मजल्यावरची मंग ताई भाजी घेऊन येताना दिसली. तीही जुनी रंगविभागातली. तिने थांबून त्याच्या अंगावरच्या कंपनीच्या जाकिटाकडे पाहिलं.

"तूच होतास ना रे?"

"हो ताई."

"सूचिनला झटका आला, दोन वर्षं झाली. अर्धं अंग गेलं. तिकडे जुन्या कालव्यापाशी केअर होममध्ये ठेवलीय. तिथल्या बायकांच्या हातून ती घास घेत नाही. तोंड मिटून घेते. म्हणून पांग रोज दुपारी डबा घेऊन जायचा."

"बसने जाता येईल ना?"

"दोन बस बदलून? त्याचे गुडघे पाहिलेस का? जिना उतरायला त्याला पाव तास लागतो. पण सायकलवर बसला की म्हणायचा, पाय पंचविशीचे होतात. स्वतःची होती, ती गेल्या वर्षी चोरीला गेली. आता दिवसाआड जातो. कधी तेही नाही."

बाओशानने त्याच आठवड्यात बाजारातून एक चांगली जुनी सायकल घेतली, रात्री जागून तिची दोन्ही चाकं स्वतः बांधली आणि उस्तादांच्या दारात नेऊन उभी केली. उस्तादांनी दार उघडलं, आत बोलावलं, पाहुण्याला देतात तसं कपात गरम पाणी ओतलं.

"काकूसाठी तरी घ्या," बाओशान म्हणाला.

"सायकल छान आहे. पण आता मी चालवत नाही. या वयात पडलो तर तिच्याकडे कोण बघेल? तुम्ही घेऊन जा."

"उस्ताद, शिव्या द्या मला."

"कशाबद्दल? तुमचं कामच आहे ते."

मग त्याला वाटलं, निदान तीच सायकल शोधून आणावी. शहराबाहेर कंपनीचं मैदान होतं. तिथे पकडून आणलेल्या, मोडक्या, बेवारस सायकली एकावर एक रचल्या होत्या, दुमजली घराएवढ्या, रांगांमागून रांगा. बाओशान दोन रविवार तिथे फिरला. हिरवा रंग दिसला की धावत जायचा. ते गवत असायचं, नाहीतर दुसऱ्या कुणीतरी रंगवलेली गाडी. कुणी लाडाने घंटी बसवलेली, कुणी हँडलला लोकर गुंडाळलेली. तिथला रखवालदार म्हणाला, "एक गाडी शोधतोस? इथे मला माझी टोपी सापडत नाही." दुसऱ्या रविवारी संध्याकाळी क्रेनने एक अख्खी रांग उचलून चेपायच्या यंत्राकडे नेली. त्यानंतर तो तिकडे गेला नाही.

थंडी वाढली. नदी गोठली. रस्त्यावर बर्फ असेल त्या दिवशी उस्तादांना निघताच येत नव्हतं. जानेवारीत काकू गेली. छातीत कफ झाला होता, असं होमवाल्यांनी सांगितलं. अंगात ताकद उरली नव्हती, असंही सांगितलं. का उरली नव्हती ते कुणी विचारलं नाही. बाओशानला मंग ताईकडून कळलं, आणि तो अंत्यविधीला जाऊन मागे उभा राहिला. जवळच्या माणसांच्या दंडाला बांधतात ती काळी फीत त्याला कुणी दिली नाही. त्याने स्वतःच घरून आणली होती.

सातव्या दिवशी तो उस्तादांकडे गेला. घरात ते एकटेच होते. टेबलावर काकूचा तरुणपणीचा फोटो, समोर मासळीची वाटी. बाओशानने तीन वेळा वाकून नमस्कार केला आणि उभ्याउभ्याच बोलून टाकलं.

"उस्ताद, मी ओळखली होती ती सायकल. कुलूप तोडायच्या आधीच. तार बघून."

उस्तादांनी फोटोसमोरची वाटी सरकवून नीट ठेवली.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "जिन्याच्या वळणावरून दिसत होतं. तू स्पोक छेडलास. दोनदा."

"मग हाक का नाही मारली?"

"हाक कशाला मारायची? तू छेडलास तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, पोराने ओळखली. आता ठेवेल."

कुलूप तोडल्यापासून पहिल्यांदाच ते त्याला तू म्हणाले होते. बाओशान तिथेच खाली बसला आणि पालथ्या हाताने डोळे पुसत राहिला. उस्तादांनी त्याला उठवलं नाही, बाहेरही काढलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "कामाची वेळ झाली असेल तुझी. जा."

बाओशानने थांग ताईला सांगून भाग बदलून घेतला. नोकरी मात्र सोडली नाही. सोडावी असं रोज वाटायचं आणि रोज सकाळी तो टेम्पो चालू करायचा. कुलूप लावलेली गाडी दिसली की आधी चाकांवर हात फिरवायचा. ते सुटलं नाही. बायको विचारायची, "उस्तादांकडे जाऊन का येत नाहीस?" तो म्हणायचा, "जाईन, जरा दिवस जाऊ देत."

एप्रिलमध्ये पितरांचा सण झाल्यावर तो गेला. हातात तीळ लावून तळलेल्या गोड पिळांची पुडी होती. वर जाऊन दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. खालून मंग ताई आली.

"कुणाचं दार वाजवतोस? महिना झाला पांगला इथून जाऊन. परगावी असतो तो मुलगा आला आणि त्याला तिकडे शिजियाझुआंगला घेऊन गेला. घरही विकायला काढलंय." तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तुला सांगितलं नाही त्याने?"

"सांगितलं होतं ताई," बाओशान म्हणाला. "माझ्याच डोक्यातून गेलं."

"मग ही पुडी कशाला आणलीस?"

"तुमच्यासाठीच आणली."

तिने पुडी घेतली आणि चहाला बोलावलं. तो म्हणाला, "गाडी खाली उभी आहे ताई, परत कधीतरी."