चार बोटांची जागा

सगळ्या नाशिक जिल्ह्यात दगड जिभेनं चाटून पाहणारा सरकारी माणूस एकच झाला, आणि तो माझ्या पडवीत राहून गेला. कुणी म्हणेल, म्हातारा वाढवून सांगतोय. म्हणू दे. मी तिसरीपर्यंत शिकलो, पुढं मास्तरांशी माझं पटलं नाही, त्यामुळं अक्षर वाकडं येतं. पण गोष्ट सरळ आहे. नव्वद सालानंतर केव्हातरी आमच्या हरसूलकडच्या डोंगरातून पाण्याचा बोगदा न्यायचं ठरलं. मावळतीला उतरून जाणारं पाणी डोंगराच्या पोटातून उगवतीला वळवायचं. अशा वेळी वरून डोंगराला भोकं पाडून आत काय आहे ते आधी पाहतात. त्यातलं एक भोक माझ्या वरच्या वावरात पडलं आणि ते तपासायला नाशकाहून हे गृहस्थ आले. त्यांना नाव होतं, पगाराच्या कागदावर असेलही. आमचा सगळा पाडा त्यांना दगडवाले साहेब म्हणायचा आणि त्यांनाही ते आवडायचं.

साहेब माणसाकडे आधी पाहायचेच नाहीत. पहिल्या दिवशी मी दारात हात जोडून उभा, तर ते माझ्या शेजारून सरळ पुढं गेले आणि घराच्या जोत्यासमोर उकिडवे बसले. बोटाच्या पेरानं दगड ठोकला, कान लावला आणि ओळखीचा माणूस भेटल्यासारखे हसले. मग म्हणाले, "हा कोपऱ्याचा दगड दुसऱ्या ठिकाणचा आहे. कुणी बसवला?" मी म्हणालो, "मीच." "फार छान बसवलाय, मालक." सरकारी माणसानं मला मालक म्हणण्याची ती पहिली खेप. त्या एका शब्दावर मी त्यांना पडवी दिली, बाज दिली, आणि यंत्रातून निघणाऱ्या दगडांची राखणही पत्करली. ठोकायची ही खोड त्यांना सगळीकडेच होती. हरसूलच्या बाजारात ते डांगर ठोकत, माठ ठोकत, एकदा तर एसटीच्या ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं होतं, "साहेब, गाडी पिकली का?" माझ्या पुतण्याच्या लग्नात अक्षता पडून गेल्या तरी हे मांडवाबाहेर. का, तर मांडवाचा एक खांब त्यांना पटला नव्हता. मी स्वतः तो खांब पुन्हा ठोकून घट्ट केला, तेव्हा कुठं आत येऊन त्यांनी नवरानवरीला आशीर्वाद दिला. तोही वर बघत.

यंत्रातून दगडाच्या गोल कांड्या निघत, मनगटाएवढ्या जाड, कुठं हातभर लांब, कुठं बोटभर. साहेब एकेक कांडी उचलत, ठोकत, भिंगातून बघत आणि मग तिला जीभ लावत. ओला झाला की दगडाचा खरा रंग कळतो, आणि माती असेल तर ती जिभेला चिकटते, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मंडळीनं हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती मुकाट आत गेली आणि वाटीत मीठ घेऊन आली. "घ्या भाऊ. जेवान व्हायला येळ हाय अजून, तवर नुसताच दगूड कसा लागंल?" साहेबांनी वाटी घेतली, मीठही चाखलं आणि म्हणाले, "वहिनी, हे समुद्राचं." त्या दिवसापासून ही त्यांना आपल्या माणसात धरायला लागली.

कांड्या लाकडी पेट्यांत ठेवायच्या, कप्प्याकप्प्यानं, ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं. या क्रमासाठी साहेब जीव टाकत. एकदा यंत्राच्या गड्यानं पावसाचा चिखल लागला म्हणून कांड्या धुतल्या आणि लांबच्या एकीकडे, आखूड एकीकडे अशा नीटनेटक्या मांडून ठेवल्या. साहेब दोन दिवस जेवले नाहीत. तुटलेल्या तोंडाला तोंड जुळवत एकेक कांडी त्यांनी परत जागेवर बसवली. पेटी नाशकाला न्यायची असली की एसटीत ती सीटवर ठेवत आणि स्वतः दांडीला धरून उभे राहत. कंडक्टर म्हणायचा, "अहो, दगडाला उभं करा, तुम्ही बसा." हे म्हणत, "मला धक्का बसला तर चालतो. क्रम मोडला तर डोंगर मोडला."

बोगद्याचं शास्त्र त्यांनी मला भाकरीवर शिकवलं. हिनं नागलीच्या भाकरींची चवड रचून ठेवली होती. साहेब म्हणाले, "मालक, आपला डोंगर असाच आहे. काळ्या दगडाच्या भाकरी एकीवर एक. मधेच एखाद्या ठिकाणी दोन भाकरींत लाल चटणी राहून गेलेली, म्हणजे तांबड्या मातीचा थर. डोंगर मेलेला नसतो. त्याचं पोट कोरलं की अंगावरचा भार तो बाजूला सरकवतो. काळी भाकरी असली तर ती भार तोलून धरते. पण चटणीशी गाठ पडली, की..." आणि त्यांनी चवडीच्या कुशीत बोट खुपसलं. वरच्या भाकरी खचल्या, फाटल्या. "मग तिथं आधीच लोखंडी कमानी उभ्या कराव्या लागतात. आणि चटणी कमी धरण्यापेक्षा जास्त धरलेली बरी. कळलं?" "समजलं," ही चुलीपुढून म्हणाली, "आता त्या फाटक्या भाकरी तुमीच खावा." खाल्ल्या त्यांनी. चटणीसकट.

एव्हाना खालच्या अंगाला बोगद्याचं तोंड खणायला सुरुवात झाली होती, आणि आमचा थोरला, सोमा, त्या टोळीत कामाला लागला होता. सुरुंग उडाला की पहिल्यांदा आत जाणाऱ्या गड्यांत तो. त्याच्या आईचं अन्नावरचं मन उडालं. साहेब तेव्हा पंधरा दिवस नाशकाला गेलेले. ते परत आले, पडवीतल्या पेट्या उघडल्या, आणि एका पेटीपुढं थबकले. हातभर जागा रिकामी होती. नेमकी बोगद्याच्या माथ्याच्या खोलीची जागा.

"मालक, इथली कांडी?"

"यंत्रातून जेवढं निघालं तेवढं हाय. माझ्या राखणीतनं खडा हलत नाय."

मी ठणकावून सांगितलं, आणि ते खरंही होतं. राखण बाहेरच्या माणसावर ठेवायची असते, घरच्यांवर नाही. साहेबांनी पेटी बंद केली. संध्याकाळी झऱ्यावर हातपाय धुवायला गेले, आणि उंबराखाली त्यांना आपली कांडी दिसली. जमिनीत रोवलेली, वीतभर वर, डोक्यावर बेलाचं पान. काळ्या कुळकुळीत दगडावर तीन पांढऱ्या रेघा आडव्या, जशा भस्माच्या ओढाव्यात. सोमा कामावर गेला त्या सोमवारी हिला ती कांडी पेटीत दिसली होती. महादेव आपण होऊन डोंगरातून वर आला, पोराला सांभाळायला आला, असं तिनं धरलं आणि त्याला झऱ्यापाशी बसवला. पाड्यातल्या बायाही पाणी घालायला लागल्या होत्या.

साहेब देवावर रागावले नाहीत. आधी नमस्कार केला, मग खिशातून भिंग काढलं. दुसऱ्या दिवशी पेटीतली वरच्या अंगाची कांडी फडक्यात गुंडाळून आणली, बेलाचं पान बाजूला केलं आणि ती देवाच्या माथ्यावर टेकवून हळूहळू फिरवली. एका जागी ती अशी बसली, की डब्याला त्याचंच झाकण. "वरचं जुळलं," ते म्हणाले. "आता खालचं तोंड बघायला हवं. त्यासाठी देव उचलावा लागेल."

मी म्हणालो, "बसवलेला देव हलवायचा नसतो."

"मालक, खालची कांडी जुळली तर डोंगर तिथं अखंड आहे. नाही जुळली तर मधे काहीतरी होतं, जे यंत्राच्या पाण्यानं धुऊन गेलं."

"दुसरं भोक पाडा."

"तोवर बोगदा तिथं पोचेल. आठवडा आहे हातात."

मी नाही म्हणालो. आजही मी तेच म्हणेन. देव काही उखळ नाही, इथून उचललं तिथं ठेवलं. ठेकेदाराचा मुकादमही वर आला. त्याला कमानी नको होत्या, काम खोळंबतं. तो हसून म्हणाला, "साहेब, कशाला एवढा घोर? दगड होता म्हनून तर देव झाला. मातीचा असता तर झाला असता का? लिवा की अखंड दगड म्हनून." नाशकाहून वरिष्ठांचाही निरोप आला, की कांडी देव म्हणून पुजली जाते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, तर नोंद करून मोकळे व्हा. साहेबांचं एकच: "जे मी पाहिलं नाही ते मी लिहिणार नाही." आणि ते उंबराखाली जाऊन बसले. तीन दिवस. मी जेवायला बोलवायला जायचो, ते यायचे, जेवायचे, परत जाऊन बसायचे. माझ्याशी भांडायचे नाहीत. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या संध्याकाळी ही पाण्याला गेली. मी मागोमाग गेलो. तिनं हंडा खाली ठेवला आणि विचारलं, "भाऊ, खरं सांगा. माजा सोमा त्याच जागी जानार का?"

"हो, वहिनी."

"आन् देवाच्या बुडाशी काय हाय ते बघितल्याबिगर तुमी सांगू शकत नाय?"

"नाही. अंदाज सांगेन. पण अंदाजावर ते काम थांबवणार नाहीत."

ती माझ्याकडे बघायलाही वळली नाही. झऱ्यात हातपाय धुतले, पदर खोचला आणि देवापुढं बसली. "देवा, तू पोरासाठीच आलास ना? मंग त्याच्यासाठीच जरा ऊठ." दोन्ही हातांनी माती उकरून तिनं देव वर काढला आणि लेकरू घ्यावं तसा मांडीवर घेतला. साहेबांनी हात लावला नाही. सुतानं लांबी मोजली. पेटीतल्या जागेपेक्षा चार बोटं कमी. खालची कांडी बुडाला लावून पाहिली, फिरवली, उलटी करून पाहिली. जुळेना. बुडाला एका खाचेत तांबूस काहीतरी होतं.

"ही चार बोटं यंत्रानं घासून खाल्ली असतील," ते पुटपुटले, "नाहीतर मग चटणी. हा लाल रंग या उंबराखालच्या मातीचा की डोंगरातला?" आमच्या झऱ्याकाठची माती काळी. हे त्यांनाही दिसत होतं, पण त्यांची खात्री डोळ्यांनी होत नसे. सवयीनं मान पुढं गेली, जीभ बाहेर आली, आणि तिथल्या तिथं ते थांबले. पाण्याला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या. साहेबांना बहुतेक जन्मात पहिल्यांदा, आपण दगड चाटतो याची लाज वाटली.

ही म्हणाली, "चाटा भाऊ. लेकराचं काम हाय. त्यो काय म्हननार नाय."

साहेबांनी डोळे मिटले आणि देवाच्या बुडाला जीभ लावली. बराच वेळ तसेच. मग म्हणाले, "चिकटतेय." आणि चपला तिथंच टाकून बोगद्याच्या तोंडाकडे डोंगर उतरायला लागले.

कमानी उभ्या राहिल्या. मुकादमानं आठवडाभर साहेबांना शिव्या घातल्या, त्या आम्हीही ऐकल्या. मग बोगदा त्या जागी पोचला. भोकात चार बोटं असलेला तो थर आत फुगत जाऊन कमरेएवढा झालेला होता. सुरुंगानंतर तांबडी माती जी सुटली ती कमानींवर आली, लोखंड करकरलं, पण उभं राहिलं. सोमा घरी आला तेव्हा केसांपासून नखांपर्यंत लाल. दारात उभा राहून म्हणाला, "आये, चटनी." एवढंच. मुकादम दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन उंबराखाली आला. फोडला देवापुढं, पण त्यातली एक वाटी साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी आधी ती ठोकून पाहिली.

देव परत आपल्या जागी बसला. पेटीतल्या त्याच्या कप्प्यात साहेबांनी लाकडाचा ठोकळा घातला आणि पेट्या नाशकाला गेल्या. बोगदा झाला, पाणी वळलं, साहेब अधूनमधून येत राहिले. पुढं बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, एक दिवस एसटीतून उतरले, हातात फडक्यातलं ओझं. काम संपलं की जुन्या पेट्या काढून टाकतात, तशा या निघाल्या होत्या. साहेबांनी रीतसर विचारून त्यातल्या दोनच कांड्या मागून घेतल्या होत्या, देवाच्या वरची आणि देवाच्या खालची. कंडक्टर नवा होता, तो सांगत होता, म्हातारा साऱ्या वाटेनं उभा आणि गाठोडं सीटवर. उंबराखाली आता ओटा झालेला. साहेबांनी वरची कांडी देवाला चिकटून उभी केली. खालची दुसऱ्या अंगाला ठेवली, मधे आपली चार बोटं घालून, तेवढी जागा सोडून. ही म्हणाली, "भाऊ, हे कोन?" "देवाचे भाऊबंद, वहिनी. इतके दिवस माझ्याकडे होते. क्रमानं असू देत."

ते त्यांचं शेवटचं येणं. सोमा मोबाइलवरून फोन लावतो, त्यांची मुलगी उचलते. बाबा बरे आहेत म्हणते, पण ऐकू येत नाही. दगडाला कान लावून ज्यानं डोंगर ऐकला, त्याचे कान गेले. मी फोन घेत नाही. मी मालक म्हणून हाक ऐकायला बसायचं आणि तिकडून दुसऱ्याच कुणी काका म्हणायचं, ते मला चालत नाही.

सोमवारी बाया ओटा धुतात, तेव्हा हमखास कुणीतरी ती तिसरी कांडी देवाला नेऊन टेकवतं. त्यांना वाटतं, बिचारी एकटीच लांब का. संध्याकाळी मी काठी टेकत जातो, मधे चार बोटं घालतो आणि तिला परत मागं सारतो. माझी पेरं आता सुजून जाड झाली आहेत, त्यामुळं जागा पहिल्यापेक्षा थोडी जास्तच सुटते. सुटू दे. कमी धरण्यापेक्षा जास्त धरलेली बरी.