विहिरीतल्या घुबडांचा पत्ता

बुऱ्हाणपूरजवळच्या फोपनारला माझ्या काकांच्या केळीच्या बागेला लागून एक पडीक विहीर आहे. तिच्या कपारीत गव्हाणी घुबडांची जोडी राहते. ठिबकच्या नळ्या कुरतडणारे उंदीर ती फस्त करते, म्हणून काकांचा तिच्यावर जीव. पण दिवाळीच्या अमावास्येला घुबडाचा बळी दिला की लक्ष्मी येते, असं मानणारे महाभाग अजून आहेत, आणि त्यांना घुबडं पुरवणारेही. म्हणून दसरा झाला की आमच्या गावात घुबडाचं नाव कुणी काढत नाही. परक्याने विचारलं तर उत्तर ठरलेलं, इकडं कुठली घुबडं!

नेमकं त्याच दिवसांत बुऱ्हाणपूरला जैवविविधतेच्या नोंदींचं प्रशिक्षण होतं. जमिनींच्या प्रश्नावर लढणाऱ्या आमच्या संघटनेने मला पाठवलं; काका स्वतःहून आले. पंचायत पडीक विहिरी बुजवायचं म्हणत होती, घुबडांची नोंद असली तर हरकत घेता येईल, असा त्यांचा हिशेब. देशभरातल्या नोंदी एकाच साच्यात भरल्या की सगळ्या राज्यांची माहिती एकमेकांशी जुळते, असं शिकवणारे सर सांगत होते. कल्पना चांगली होती. चांगल्या कल्पनांची पत्रकं मीही वाटलीत, म्हणूनच मला त्यांचा संशय येतो.

जागेचा रकाना आला आणि काकांनी तो कोरा सोडला.

"लोकेशन के बिना एंट्री अधूरी है, काका," सर म्हणाले.

हा नकाशा कोण बघणार, मी विचारलं. सगळ्यांसाठी खुला, ते अभिमानाने म्हणाले. म्हणजे घुबडं पकडणाऱ्यालाही खुला, मी म्हटलं. मग सर म्हणाले, साच्यातच सोय आहे, नकाशावर फक्त तालुका दाखवता येतो, नेमकी जागा ऑफिसात राहते. ऑफिसात कुणाजवळ, मी विचारलं. भरोसा रखो, सर म्हणाले. याच शब्दावर आमच्याकडे लोकांच्या जमिनी गेल्यात.

काकांनी फक्त तालुका भरला. जागा नंतर जोडता येते, हे सरांनीच नाइलाजाने कबूल केलं. पण जाताना सरांना राहवेना, मला एकट्याला तरी ती जागा दाखवा म्हणाले.

"दिवाळी जाऊ द्या, साहेब. मग घरी या, मीच नेतो," काका म्हणाले.

परतताना बसमध्ये काकांनी विचारलं, एवढ्यावर पंचायत थांबेल का. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत भांडून थांबवू. मग नेमकी जागा देऊ, पण ती कोण कोण बघणार ते लिहून घेतल्यावरच.