लिदाच्या मापाचा रुमाल

रोज सकाळी चहाआधी माझ्या सासूबाई, ग्लाफिरा, बकरीच्या मऊ लवेच्या गुंड्यातून हातभर धागा सोडवायच्या आणि खालच्या ओठावरून हळू ओढायच्या. टोचलं, की लवेत बकरीचा जाड केस राहिलाय. मग खिडकीशी जाऊन तो चिमटीने उपटायच्या.

"बोटांचा दगड झालाय," म्हणायच्या. "ओठ तेवढा शाबूत आहे."

ओरेनबुर्ग शहराच्या बाजूच्या आमच्या गावात घरोघरी बकऱ्यांची लव विंचरतात आणि बायका विणतात. लग्न होऊन आले तेव्हा माझे टाके बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "मासे धरायला चांगलं आहे हे." तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसली होती माझी नणंद, लिदा.

त्या हिवाळ्यात लिदा शहरातल्या इस्पितळातून घरी आली, ती केसांवाचून. औषधांनी भुवयाही नेल्या होत्या. लोकरी टोपीने डोकं खाजायचं, सुती फडक्यात गार पडायचं. सासूबाईंनी स्वतःसाठी जपून ठेवलेली पांढरी लव काढली आणि डोक्याला बांधायचा तिकोनी रुमाल विणायला घेतला. नक्षी साधीच, तिरप्या ओळींची जाळी आणि कडेला दाते. त्या दिवसांत धागा ओठावरून दोनदा फिरायचा.

रुमाल झाला, धुतला, चौकटीवर ताणून वाळवला. लिदाने बांधला आणि तो घसरत नाकापर्यंत आला.

आमच्याकडे रुमालाचं माप कोणी घेत नाही. बाईच्या डोक्यावर वेणीचा अंबाडा असतो, तो धरूनच हात टाके घालतात. लिदाची वेणी तर सासूबाईंनीच लहानपणापासून घातलेली. लेक रोज समोर बसत होती, तरी हातांनी जुनंच डोकं विणलं.

"आई, हा माझ्या अंबाड्याचा," लिदा रुमालाखालून म्हणाली. "तो तर इस्पितळातच राहिला."

सासूबाई हसल्या नाहीत. "आण इकडे. उसवते."

"आई, नका," मी म्हटलं. "मागे घडी घालून टाचू."

"घडी टोचेल तिला."

"अहो, लव गळून जाईल सगळी."

"जाऊ दे."

लवेचं विणलेलं गावात कोणी उसवत नाही. नवा रुमाल वापरता वापरता फुलतो, मऊ धुक्यासारखा होतो. एकदा उसवला, की लव सुटते आणि आतला नुसता दोरा उरतो. सासूबाई ओळीमागून ओळ उसवत गेल्या. त्यांच्या काळ्या घागऱ्यावर पांढरा भुगा साचला. लिदा तो वेचून मुठीत धरत होती.

दुसरा रुमाल कपाळापासून मानेपर्यंत नेमका बसला, पण चपटा होता. जाळीतून दोरा दिसायचा.

लिदा आरशात बघत राहिली. "वहिनी, आता शोभतो बघ. याचेही केस गेले."

सासूबाई उठल्या आणि बकऱ्यांना चारा टाकायला गेल्या. चारा मी सकाळीच टाकला होता.

लिदाने तो रुमाल झोपेतही काढला नाही. मी रोज तिच्या कानामागे बघायचे, निदान तिथे तरी फुललाय का. फुलला नाही. बर्फ वितळायच्या आत ती गेली. रुमाल तसाच डोक्यावर ठेवला. शेवटचा मुका घ्यायला सासूबाई तिच्या कपाळावर वाकल्या, तेव्हा त्यांचा ओठ रुमालाच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरला. मागे उभ्या बायकांना वाटलं, लेकीला सोडवत नाहीये. मला ठाऊक होतं त्या काय बघताहेत.

त्यानंतर त्यांनी सुई धरली नाही. सकाळी चहा समोर आला, की पिऊन टाकायच्या. लव विंचरायच्या, कातायच्या आणि गुंडा माझ्याकडे द्यायच्या.

पुढच्या वर्षी थंडी सरताना त्या झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी गोठ्यातून आल्या, बूट काढले, बकऱ्यांचा कंगवा खिळ्याला अडकवला.

"उद्या पांढरीला विंचरायला घे गं," म्हणाल्या. "तिचे केस सुटायला लागलेत."