खंड आणि पान

साळवे सर सकाळी गेले आणि मला राग आलाय.
कुणावर, ते कळून न्हाई राह्यलं.

सर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. मी बीएस्सी अर्ध्यात सोडली. लॅबमध्ये एकानं माझ्या वर्गातल्या वैशालीला चिडवलं, मी त्याची कॉलर धरली, अन् परत गेलोच न्हाई.

मंग अंबड स्टँडमागच्या नेट कॅफेवर कामाला लागलो.

रिटायर झाल्यावर सर एक दिवस तिथं आले. खिशातून चिठ्ठी काढली.
जर्नलचं तोडलेलं नाव, खाली रेघ मारलेला एक आकडा, साल, अन् अजून एक आकडा.

"सर, लेखाचं नाव कुठंय?"
"लागत न्हाई. तुकड्यांवरून जर्नल ओळख. रेघवाला खंड, शेवटचा पान. बराबर पोचतो माणूस."

खरंच पोचायचो.
प्रिंट घेऊन सर एमएस्सीच्या पोरांना वाटायचे.

मी मधूनच चॅट उघडायचो, वैशाली ऑनलाइन दिसते का बघायला. सरांना सगळं माहीत.
"झाला का तिचा ठिपका हिरवा?"
"न्हाई."
"मंग खंड शोध."

दिवाळीनंतर सर दवाखान्यात. तिथून फोनवर एकच लेख सांगितला, १९८१ चा.
त्या खंडात त्या पानावर भलतंच काहीतरी निघायचं.

"सर, आकडा चुकलाय तुमचा."
"हा चुकणार न्हाई."
"मंग तुम्हीच शोधा!" फोन आपटला मी.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "झालं का डोकं थंड? शोधून राह्यला ना?"

आज मातीवरून आलो. घरी जाववेना. कॅफेवर बसलो.

आत्ता कळलं, ते जर्नल मधीच फुटून दोन झालं होतं. नाव तेच, मागं ए किंवा बी. सरांनी अक्षर सांगितलंच न्हाई, अन् मी आपला ए मध्येच खोदत बसलो.

बी उघडलं. तोच खंड. तेच पान.

वर गाईडचं नाव. त्याच्याखाली: उत्तम किसन साळवे.

सर, तुमचाच होता तर बोलला का न्हाईत? लाजलात? का मी पोचतो का ते बघत होतात?
आता कुणाला विचारू?

वैशालीचा ठिपका हिरवा झालाय. एवढ्या दिवसांनी, आजच. काय लिहू तिला?

प्रिंट काढलीय. उद्या तुमच्या घरी काकूंना नेऊन देतो.
इतके दिवस तोडलेली नावं जोडत बसलो आपण.
तुमचं पूर्ण छापलंय, सर.

शेवटचा जय भीम.